डाव्या बाजूचे डबे

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्या बाईने, आणि एकतीस वर्षांत एकदाही ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. पोरं तिला बसताई म्हणायची. मोठी झालेली, मिशा फुटलेली पोरंसुद्धा भर रस्त्यात त्याच नावाने हाक मारायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मागे बेचाळीस पोरांचा कालवा आणि हातात ते ताटाएवढं स्टिअरिंग, एवढाच काय तो तिचा संसार.

ती बाई निवृत्त झाली आणि सहाव्या महिन्यात एक जुनी, निळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन दारात आली. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. घराच्या खालीच धाकट्या भावाचं गॅरेज होतं. तो हातातला पाना तसाच घेऊन बाहेर आला.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? यात भाजीची पिशवीसुद्धा मावायची नाही."

"भाजी आणायला घेतलीच नाहीये. शर्यतीचा ट्रॅक आहे ना शहराबाहेर, तिथे अधूनमधून आपल्यासारख्यांना आपापली गाडी पळवू देतात. मी नाव नोंदवलंय. अजून नऊ आठवडे आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "एकदा मला पाय शेवटपर्यंत दाबून बघायचाय रे. जन्मभर नुसता ब्रेकवरच ठेवला."

धाकटा आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत आला होता, पण स्वतः मात्र भित्र्या सशासारखा चालवायचा. तरी बहिणीचा हट्ट म्हटल्यावर बाह्या सरसावून कामाला लागला. रोज संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं ओढून दोघं गाडीभोवती बसायची. ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की जुनं तेल उकळतं आणि पाय दाबला तर पोकळ लागतो, हे त्याने तिला समजावून सांगितलं. चारही चाकांचे नट तिने स्वतः आवळले, आणि पुरेसं आवळल्यावर पान्याने 'कट्' आवाज केला की लहान पोरीसारखी हसली. पायाखालची मॅट काढली, बॅटरी घट्ट बांधली, डिकीतलं सटरफटर सामान घरात आणून टाकलं. हेल्मेट आलं तेव्हा ते घालूनच ती ओट्याशी उभी राहिली आणि चहा ओतला. धाकट्याची बायको हसून हसून खाली बसली.

सहाव्या आठवड्यात सरावाची वेळ आली. जवळच्या बंद कारखान्याचं आवार मोकळं पडलं होतं. रंगाचे रिकामे डबे दोन रांगांत मांडून धाकट्याने मधून वाट केली. पहिल्या फेरीत डाव्या बाजूचे दोन डबे उडाले. दुसऱ्या फेरीत तीन.

"ही गाडी डावीकडे ओढतेय," ती खाली उतरून म्हणाली.

त्याने गाडी सरळ सोडून पाहिली. ती रेषेसारखी सरळ गेली. मग त्याने आरसा फिरवला, सीट पुढे घेतली, तिच्या पाठीमागे उशी दिली. तिसऱ्या फेरीतही डावीकडचेच डबे गडगडले. तिला आता राग आला होता. एकतीस वर्षं भली मोठी बस बोळाबोळांतून काढणारी बाई ती. डबा म्हणजे काय!  धाकटा मात्र तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ताई, समोर त्या टाकीकडे बघ. मान हलवू नकोस. मी बोटं हलवतो, दिसली की सांग."

तो गाडीला मागून वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला, शेजारच्या सीटवर येऊन बसला. ती टाकीकडे बघत राहिली.

"हं, हलव की."

तिने जरा वाट पाहिली.

"अरे, हलव ना!"

"कधीची हलवतोय, ताई."

तिने मान वळवली. त्याचा हात तिच्या गालापासून वीतभर अंतरावर होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं आणि हातात बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. कितीतरी वेळ एकही ठिपका येईना, म्हणून यंत्र बंद पडलंय असं तिला वाटलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. त्यावर दोन वर्तुळं होती आणि दोन्हींच्या कडा, डावीकडे सगळ्यात जास्त, शाई सांडल्यासारख्या काळ्या होत्या.

"काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूने नजर खात जातो. समोरचं स्वच्छ दिसत असतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. घरात कोणाला होता?"

वडील शेवटी भिंत चाचपत चालायचे. म्हातारपण, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती म्हणाली, "थेंब घालून परत येईल ना?"

"गेलेली नजर येत नाही. उरलेली राखायची. आणि गाडी आता अजिबात चालवायची नाही. कोणतीच."

बसताईने मान डोलावली. मग तिने विचारलं, "हे कधीपासून असेल?"

"इतकं व्हायला काही वर्षं तरी लागतात."

काही वर्षं. बस सोडून तर तिला आठच महिने झाले होते. दरवर्षी ती तक्त्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवायची आणि तपासणारा 'तुमची नजर म्हणजे घारीची' म्हणायचा. बाजूचं कोणी कधी विचारलंच नव्हतं. आणि बसचा दरवाजा डावीकडे. पोरं उतरायची ती डावीकडे.

शेवटच्या वर्षी एकदा चाकाशी पडलेली पाण्याची बाटली उचलायला एक चिमुरडी वाकली होती. बस निघालीच होती. रखवालदार बोंबलत धावला म्हणून तिने ब्रेक दाबला. तेव्हा तिने ती गोष्ट घरी हसत हसत सांगितली होती, पोरं कशी वेंधळी असतात म्हणून. आता ती तिला आठवली. दवाखान्याच्या पायरीवर ती बसून राहिली. धाकटा पाणी घेऊन आला.

"डोळ्यांत तेल घालून चालवली म्हणायचे रे मी," ती म्हणाली. "आंधळ्याच्या गायी देवाने राखल्या."

"झालं तर नाही ना काही, ताई?"

"ते काही माझ्यामुळे टळलं नाही."

चार दिवस तिने नीट अन्न घेतलं नाही. पाचव्या दिवशी ती शाळेत गेली आणि बसगाड्या बघणाऱ्या साहेबांपुढे तो कागद ठेवला. साहेब भला माणूस, पण तोही गांगरला. उठून त्याने आधी दार लोटलं.

"बसताई, आता कशाला उकरून काढता? तुमचं एवढं नाव आहे इथे. पालकांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

"म्हणू देत. सगळ्या ड्रायव्हरांची बाजूची नजर तपासा. मी इथून हलत नाही."

ती दुपारपर्यंत बसून राहिली, तेव्हा कुठे त्याने होकार दिला. तपासणीत दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत काही निघालं नाही. जिवावरचं ओझं थोडं हलकं झालं. पण बातमी फुटलीच. आठवड्याभरात एका पोराची जुन्या ओळखीची आई तिला रस्त्यात दिसली. पूर्वी थांबून विचारपूस करणारी ती बाई, मुलाचा हात धरून पलीकडच्या कडेला गेली. बसताईने तिला दोष दिला नाही.

ट्रॅकचा दिवस उजाडायला थोडेच दिवस उरले होते. धाकटा म्हणाला, "नाव काढून टाकू. गाडीही विकून टाकू, डोळ्यांसमोर नको."

"तुझी नजर तपासलीस?"

"तपासली. स्वच्छ आहे." चोरी पकडली गेल्यासारखं तोंड करून त्याने सांगितलं.

"मग तू चालव. एवढी तयारी केलीय, गाडीचा काय दोष?"

त्या सकाळी ट्रॅकवर नाव बदलून घेतलं. थंड टायरांत हवा किती हवी ते तिनेच मोजलं, नटांवर पुन्हा एकदा पाना फिरवला आणि हेल्मेटचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली बसवला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पहिल्या दोन फेऱ्या सावकाश घे. नाकासमोर बघू नकोस, वळण जिथे संपतं तिथे बघ," ती म्हणाली, आणि जाळीच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

गाड्या डावीकडून यायच्या. आधी नुसता आवाज वाढत जायचा, आणि मग निळा पट्टा एकदम तिच्या समोर उगवायचा, जसा काही कुठूनच न येता आला असावा. मान वळवली असती तर गाडी आधी दिसली असती, पण ती वळवायची राहून जायची. पाचव्या फेरीला त्या इंजिनाचा आवाज वेगळा आला, उंच, मोकळा. धाकट्याने पाय शेवटपर्यंत दाबला होता. तिने कुंपणाची जाळी घट्ट धरली.

तो परतला तेव्हा हेल्मेट काढता काढता मोठ्याने हसत होता. पन्नाशीच्या त्या माणसाच्या तोंडावर तिने असं हसू जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि ते हसू त्याने गिळलं.

"कसं होतं?"

"ठीक होतं. फार काही नाही."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

तो तापलेल्या गाडीला टेकून उभा राहिला. "ताई, मला सांगवत नाही गं. हे तुझं होतं."

"म्हणूनच सांग. अगदी सुरुवातीपासून. गिअर कधी टाकलास, पोटात कसं झालं, सगळं सांग."

त्याने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग हातवारे करत, स्वतःला विसरून. ती त्याच्याकडे सरळ बघत ऐकत होती. मधेच डोळे भरून आले, तरी तिने पुसले नाहीत. तो थांबेल, अशी भीती होती.