वरच्या काकांची सहकार्य समिती

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे साऱ्या नवी मुंबईतले सगळ्यात व्यवस्थित गोंधळलेले गृहस्थ आहेत असं माझं ठाम मत आहे. गोंधळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. महापेला ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथे गोंधळाशिवाय दुसरं काही तयार होत असेल असं मला वाटत नाही. पण आमचा गोंधळ आपला साधा, घरच्या कपड्यांत येतो. काकांचा गोंधळ इस्त्री करून, फायलीला लावून, जावक क्रमांक टाकून येतो. त्यामुळे समोरच्याला पहिला अर्धा तास वाटत राहतं की हा माणूस अगदी मुद्द्याचं बोलतोय आणि आपल्यालाच काही कळत नाहीये. मला तर त्यांच्या शेजारात अकरा वर्षं काढूनही अजून तसंच वाटतं.

काका मूळचे नगरकडचे. बंदराच्या एका कचेरीत आवक-जावक विभागात त्यांनी सगळी नोकरी केली. ते निवृत्त झाले, आवक-जावक काही निवृत्त झाली नाही. तोंडाने सांगून होणारी कुठलीही गोष्ट पत्राने करायची हा त्यांचा शिरस्ता. एकदा आमच्या वॉचमनने त्यांची हरवलेली छत्री शोधून दिली. काकांनी त्याला लेखी आभारपत्र दिलं. मराठी न वाचता येणारा तो बिचारा वॉचमन नोटीस आली समजून दोन दिवस नीट जेवला नाही. हे कळल्यावर काकांनी ताबडतोब खुलाशाचं दुसरं पत्र दिलं, तेव्हा तो रडायलाच लागला. शेवटी मी खाली जाऊन हिंदीतून सांगितलं की काका तुझ्यावर खूश आहेत. तर काका मलाच म्हणाले, "तू तोंडी कशाला सांगितलंस? आता रेकॉर्डला काय राहणार?"

मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं हे त्यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून माझे रविवार संपले. काका नवीन पनवेलच्या एका छोट्या मराठी चर्चचे सचिव. मी गणपतीत आरती म्हणणारा माणूस, तीही दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून. पण पंच म्हणजे चर्चचे कारभारी, मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद, भक्ती म्हणजे रविवारची उपासना आणि पाळकसाहेब म्हणजे पाळकसाहेब, इतकं ज्ञान मला टाइप करता करता झालं. बाकी पत्रांत काय चाललंय ते मला कळत नसे. काकांना कळत असावं असं मी धरून चाललो होतो.

प्रकरण खरं म्हणजे एका वाक्याचं होतं. चर्चमध्ये आता सगळी उतारवयाची माणसं उरली होती आणि मागचे चार बाक रिकामे पडत होते. जवळच्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात ख्रिस्ती मुलामुलींचा एक गट होता. केरळचे, मिझोरामचे, जालन्या-सोलापूरकडचे असे वीसेक जण. शनिवारी संध्याकाळी जमायचं, गिटारवर गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, एकमेकांची रडगाणी ऐकायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. पण जमायला जागा नव्हती. बागेतला माळी शिट्टी वाजवायचा आणि वडापावच्या गाडीमागे प्रार्थना होत नसे. इकडे चर्चचा वरचा हॉल शनिवारी कुलुपात. मी म्हटलं, "काका, किल्ली द्या की त्यांना." काका माझ्याकडे करुणेने पाहत म्हणाले, "किल्ली शेवटी, बाळा. आधी सहकार्य."

सहकार्य म्हणजे काय, हे मात्र कुणालाच नक्की सांगता येईना. पंचांनी एक वर्षाची मुदत दिली. मुलं रविवारी भक्तीला आली, मंडळीत मिसळली, तर हॉल कायम त्यांचा. नाही तर वार्षिक सभेत ठराव करून शनिवारी तो एका क्लासवाल्याला द्यायचा. काकांनी भर सभेत उठून "जबाबदारी माझी" असं सांगितलं. ते असं का म्हणाले, हे मला काकूंनी एकदा पोह्यांची बशी पुढे करता करता सांगितलं. त्यांचा मुलगा शिकायला परगावी हॉस्टेलवर राहिला होता. तिथल्या चर्चमध्ये तो बरेच रविवार गेला, पण एकानेही त्याला "जेवलास का" म्हणून विचारलं नाही. आता तो कुठेच जात नाही, आणि फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलत नाही. "ह्यांच्या मनात ते बसलंय," काकू म्हणाल्या, आणि पोह्यांवर आणखी खोबरं घातलं.

तर सहकार्याचं पहिलं पत्र घेऊन काका स्वतः कॉलेजात गेले. भर उन्हाळ्यात कोट, टाय आणि हातात फाईल. गेटवरच्या माणसाने त्यांना इंटर्नशिपच्या मुलाखती घ्यायला आलेले कंपनीचे साहेब समजून सलाम ठोकला आणि थेट वातानुकूलित खोलीत नेऊन बसवलं. पुढ्यात चहा आला, पाठोपाठ एकेक विद्यार्थी आला. विद्यार्थी येऊन भेटतायत, यात काकांना काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी तिघांना आई-वडील काय करतात, जेवणाची सोय कशी आहे, रात्री झोप लागते का, असे प्रश्न विचारले. तिसरी निघाली प्रिस्किला, जालन्याची, आणि नेमकी त्या गटातली. तिने पुढे मला सांगितलं, "अंकल, मी कोडिंगची सगळी तयारी करून गेलेली. आणि हे विचारतात, डब्यात भाजी कोणती असते! मला वाटलं, स्ट्रेस इंटरव्ह्यू आहे." खरी कंपनी आल्यावर काकांना सन्मानाने बाहेर काढण्यात आलं. घरी येऊन ते म्हणाले, "मुलं फार नम्र आहेत. उत्तरं देताना घाम फुटतो त्यांना."

त्यानंतर सहकार्य समिती झाली. काका चर्चचे सचिव होतेच, ते समितीचेही निमंत्रक झाले. सचिव या नात्याने त्यांनी निमंत्रकांना पत्र लिहिलं, ते मी टाइप केलं. आठ दिवसांनी ते माझ्याकडे अस्वस्थ होऊन आले. "समितीकडून अजून उत्तर नाही." मी म्हटलं, "समितीत आहे कोण?" "मीच. पण रीतसर यायला पाहिजे ना?" मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'सहकार्य' नावाचा ग्रुप निघाला. त्यात मुलांऐवजी महिला मंडळ भरलं गेलं, म्हणून 'सहकार्य नवीन' निघाला, आणि त्यात काका स्वतःच नव्हते म्हणून 'सहकार्य फायनल'. मी तिन्हींत आहे. बाहेर पडायची रीतसर पद्धत काय, हे विचारायची मला भीती वाटते. तिकडे मुलांचा प्रमुख दर सहा महिन्यांनी बदले, त्यामुळे 'माननीय अध्यक्ष' म्हणून गेलेलं पत्र कुणीच आपलं मानत नसे. मुलांना वाटे काका रागावलेत, काकांना वाटे मुलं विचार करतायत. मी मधल्या मजल्यावर बसून दोन्ही बाजूंचं टाइप करत होतो आणि मला काहीच वाटेनासं झालं होतं.

तरी मुलं रविवारी येऊ लागली, हे मान्य केलं पाहिजे. साडेआठच्या भक्तीला, डोळे चोळत, पण आली. आणि इथेच काकांच्या हातून चूक झाली. त्या चर्चमध्ये पाहुण्यांचा मान मोठा. कुणी नवीन माणूस आला की भक्तीच्या मध्यावर त्याला उभं करायचं, त्याने नाव-गाव सांगायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि सचिवांनी गुलाबाचं फूल द्यायचं. काकांनी मुलांना पहिल्या रविवारी उभं केलं, दुसऱ्या रविवारीही केलं. मान कमी पडायला नको म्हणून ते आठ महिने दर रविवारी त्याच मुलांना उभं करत राहिले. दर रविवारी प्रिस्किला उठून "मी प्रिस्किला, जालना" असं सांगायची, दर रविवारी टाळ्या आणि दर रविवारी गुलाब. पुढे विसाचे बारा झाले, बाराचे पाच. काका गुलाब तेवढेच आणत राहिले आणि उरलेले घरी येऊ लागले. काकूंनी गुलकंद घातला. वार्षिक सभा महिन्यावर आली आणि क्लासवाला येऊन हॉलची मापं घेऊन गेला.

काका हवालदिल झाले. त्यांनी मला एक तक्ता करायला लावला: 'न येण्याचे कारण, योग्य पर्यायापुढे खूण करा.' पर्याय होते झोप, परीक्षा, आजारपण, गाण्याची चाल आणि इतर. त्यावर खाली माझा नंबर होता, म्हणून प्रिस्किला एका संध्याकाळी माझ्याच दारात उभी राहिली. हातात तक्ता तसाच कोरा.

"अंकल, यात आमचं कारणच नाहीये."

"मग 'इतर'मध्ये लिही ना."

"काय लिहू? काका इतके गोड आहेत, त्यांना कसं सांगू?" ती दाराची चौकट खरवडत म्हणाली. "आमी फक्त हॉल मागितला होता. मग हे आमाला बोलवायला लागले, तर छान वाटलं. पण आठ महिने झाले, दर संडेला मी पाहुणीच! घरी कुणी रोज गुलाब देतं का? माझी आई तर मी गेल्यावर पहिले हातात झाडू देते."

मी वर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांना एक गोष्ट तोंडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ते ऐकत राहिले. त्यांनी कागद मागितला नाही. शेवटी म्हणाले, "मी मान देत होतो रे." मग आत काकूंकडे पाहून हळूच म्हणाले, "म्हणजे आपल्या पोराला कुणी फूल दिलं असतं, तरी तो थांबला नसता."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रीतिभोजन होतं, म्हणजे सगळ्या मंडळीने मिळून रांधायचं आणि एकत्र जेवायचं. काका हॉस्टेलच्या गेटवर सकाळी सहालाच जाऊन उभे राहिले आणि जी मुलं दिसली ती सगळी घेऊन आले. भक्तीत या वेळी मुलांना कुणी उभं केलं नाही. त्या दिवशी मीही गेलो होतो, त्यामुळे एकटा पाहुणा मीच निघालो. नाव, गाव, टाळ्या, गुलाब, सगळं माझ्या वाट्याला आलं आणि मी इतका गोंधळलो की नावाआधी कंपनीचं नाव सांगितलं. तोवर मागच्या अंगणात मुलांची धांदल उडाली होती. मिझोरामचा एक लाजाळू मुलगा कांदा कापता कापता रडत होता, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांना साऱ्या मंडळीत कुणी उलट बोलत नाही, त्या प्रिस्किलावर ओरडत होत्या, "अगं ए, तळाला लागतंय ना! हलव की जरा! आईनं काही शिकवलं का नाही?" प्रिस्किला पातेल्यावर वाकून डाव फिरवत होती आणि इतकी खूश होती की सांगता सोय नाही. काका बाजूला रिकाम्या हाताने उभे होते. मला म्हणाले, "रागावतायत तिला. थांबवू का?" मी म्हटलं, "मुळीच नको."

वार्षिक सभेत अध्यक्षबाईच उठल्या. "पोरं आमची भांडी घासतात, हॉल कुणा परक्याला द्यायचा नाही," एवढंच बोलून खाली बसल्या आणि ठराव मंजूर झाला. किल्ली मिळाली. सात मुलांनी तर मंडळीच्या सभासद नोंदवहीत नावं घातली. काकांनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि ते पान मला मोबाइलवर काढून तीन वेळा पाठवलं, ते असलेल्या दोन्ही ग्रुपवर आणि एकदा वेगळं.

शिकणारी मुलं शिकून झाली की निघून जातात, हे मात्र आमच्या एवढ्या पत्रव्यवहारात कुठेच आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात प्रिस्किला पेढे घेऊन आली. हैदराबादला नोकरी लागली होती, बाकी सहाजणही असेच कुठे कुठे चालले होते. सभासद दुसऱ्या गावी गेला की इथल्या मंडळीने तिथल्या मंडळीला बदलीचं पत्र द्यायचं, अशी त्यांची रीत. दोन ओळींचा ठरलेला मजकूर. काका पेढा हातात धरून म्हणाले, "जाते म्हणजे? आत्ता तर नाव घातलं." मी ती सात पत्रं पाच मिनिटांत टाइप करून दिली.

दोन महिन्यांनी प्रिस्किलाचा हैदराबादहून फोन आला की पत्र अजून पोचलं नाही, तिथले पाळक विचारतायत. ज्या माणसाने जन्मात एक पोचपावती उशिरा दिली नाही त्याचं पत्र पोचलं नाही, हे मला पटेना. मी वर गेलो. सातही पत्रं टेबलावर होती, जावक क्रमांक घातलेली, पाकिटांवर पत्ते लिहिलेले. सही एकावरही नव्हती.

"पत्ते तपासतोय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "घाईत चुकायला नको."

मी त्यांच्या शेजारी बसलो. एवढा जीव लावून माणसं जोडायची आणि मग आपल्याच सहीने ती पाठवून द्यायची, हे काम मला कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी किल्ली फेकून घरी आलो असतो. काकांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि एकेका पत्रावर सही केली. प्रिस्किलाचं शेवटी घेतलं. ठरलेल्या मजकुराखाली बरीच जागा उरली होती, तिथे त्यांनी हाताने एक ओळ लिहिली: 'हिला पहिल्या दिवसापासून काम सांगावे.'

पाकिटं बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "यंदा नवीन मुलं आलीत म्हणे. त्यांचा कोर्स किती वर्षांचा असतो रे?"

"चार," मी म्हटलं.

"चार," ते म्हणाले, आणि पाकिटं उचलून चपला शोधू लागले.