ट्रंक कॉलच्या ताई

"धरून ठेवा साहेब, लावून राहिली मी," असं म्हणत ताई एका हातानं बोर्डाच्या भोकात कॉल जोडायची दोरी खोचायच्या आणि दुसऱ्या हातानं आम्हाला गप्प बसवायच्या. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडणाऱ्या आम्ही अकरा जणी होतो. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. एकदा एक व्यापारी अमरावतीशी बोलताना इतका ओरडत होता, की ताई मध्येच म्हणाल्या, "शेठजी, फोन ठेवून द्या. तसंबी ऐकू जाते तिथे."

सायनसनं त्या दर हिवाळ्यात बेजार व्हायच्या. आणीबाणी उठली त्या वर्षी डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. वरच्या ओठाखालून हाड कोरून पू काढला. तीन आठवड्यांनी ताई कामावर आल्या तेव्हा नाक मोकळं झालं होतं, पण डावा गाल, डोळ्याची खोबण आणि कपाळ आतून पेटलेलं होतं. जखम आहे, भरेल, असं सगळे म्हणाले. सहा महिने गेले. हेडफोनची पट्टी डोक्याला टेकली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग त्या तो हातात धरून कानाजवळ न्यायच्या. काम एका हातावर आलं, कॉल रेंगाळू लागले.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. सगळं साफ होतं. "मनातून काढून टाका," ते म्हणाले.

"मनात असतं तं कवाच काढलं असतं वं," ताई मला म्हणाल्या.

त्यांनी फायलींचं काम मागितलं. आमच्या सुपरवायझर बाईंनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही शेजारी बसता. खरंच एवढं दुखतं का त्यांना?"

ताईंचे कॉल माझ्याकडे येत होते आणि मी वैतागलेली होते. म्हणाले, "डब्याच्या वेळी तर हसतात."

तेवढंच वाक्य अहवालात गेलं. अर्ज नामंजूर झाला, ताईंना ते वाक्य वाचून दाखवलं गेलं आणि चार महिन्यांनी ताईंनी राजीनामा दिला. त्या दिवशी मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "तू खोटं नाही बोलली. हसत होती मी. रडत बसली असती तं तुमी मले सोबत जेवू दिलं असतं का?"

ताईंनी लग्न केलेलं नव्हतं. त्या कळमेश्वरला भावाकडे गेल्या. तिथं जायला मला तीन वर्षं लागली. तुम्हीही कुणाकडे जायचं असंच टाळलं असेल, तर कारण सांगायला नको.

ताई ओसरीवर बसल्या होत्या, केस बारीक कापलेले. भावजय त्यांच्यासमोरच मला सांगू लागली, "डोक्यावर पदर नाही घेत. दुखते म्हणते. गावात लोकं नावं ठेवतात आमाले."

ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सांग वं यांले. तू पाहिलं आहे."

या वेळी मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, हेडफोन, डोळ्यांतलं पाणी, माझं ते वाक्यसुद्धा. भावजयीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण दिसत तं काहीच नाही ना."

ताई उठून आत गेल्या. माझ्या बसची वेळ होईपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.