अश्लेषाची आणि माझी गोळी

गेल्या जानेवारीत कोपऱ्यावरच्या शिवकुमारच्या औषधाच्या दुकानातून माझ्या महिन्याच्या गोळ्यांची पिशवी आली, तेव्हा तिच्यात माझ्या हृदयाच्या गोळीच्या दोन पट्ट्या जास्तीच्या निघाल्या. माझी गोळी पंचवीस मिलिग्रॅमची, या पन्नासच्या. सोबतच्या बिलावर नाव अश्लेषाचं होतं.

अश्लेषा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. एचएसआर लेआउटमध्ये आमचं लहानसं घर आहे, खाली मी आणि माझी बायको नयना, वर ती. मूळची निपाणीची, वय एकतीस. कोरमंगलाच्या बाजूला ऐकू न येणाऱ्या लहान मुलांची एक शाळा आहे, तिथे ती नोकरी करते. आमच्याकडे येऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण तिचा पूर्ण चेहरा मी पाहिलेला नव्हता. स्कूटरवर असली की ओढणी गुंडाळलेली, उतरली की मास्क. करोना गेला, सगळ्यांचे मास्क गेले, हिचा तेवढा राहिला. मला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानात मशीन आहे. समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर निम्मं बोलणं कळत नाही. त्यामुळे आमचं बोलणं ‘बरं आहे ना?’च्या पुढे कधी गेलं नव्हतं.

ती गोळी मी ओळखत होतो. स्पायरोनोलॅक्टोन. सहा वर्षांपूर्वी माझं हृदय कमजोर झालं, पाय सुजायला लागले, तेव्हापासून रोज सकाळी घेतो. अंगात साठलेलं पाणी ती काढून टाकते, एवढंच मला ठाऊक. म्हणजे या मुलीलाही तेच दुखणं, आणि तेही एकतिसाव्या वर्षी. मग मला आठवायला लागलं, की ती जिना सावकाश चढते. संध्याकाळी कुठे जात नाही. रविवारी खिडकीचा पडदासुद्धा उघडत नाही.

“विचारा की तिला,” नयना म्हणाली.

“असं कसं विचारायचं?”

“तोंडाने.”

मी विचारलं नाही. तिच्या पट्ट्या पिशवीत घालून तिच्या दाराच्या कडीला अडकवून आलो. पुढचा आठवडाभर पाण्याची मोटर मीच चालू-बंद केली, म्हणजे तिला खाली यायला नको. तिचं कुरिअर वर नेऊन दिलं. आठव्या दिवशी पाण्याचा वीस लिटरचा कॅन आला आणि आणणारा तो फाटकाशीच ठेवून गेला. मी तो उचलला. पाचव्या पायरीवर माझा श्वास लागला, सातवीवर मी कॅन टेकवला आणि कठडा धरून उभा राहिलो. तेवढ्यात ती वरून आली.

“काका, काय करायलाय तुम्ही? तुम्हाला हार्टचा त्रास आहे ना? ठेवा ते खाली.”

“तुलाही आहे,” मी म्हणालो.

“मला काय आहे?”

मग मला सगळं सांगावं लागलं, पिशवी, पट्ट्या, पन्नासचा आकडा. ती जिन्यातच बसून हसायला लागली. हसताना मास्कमध्ये गुदमरली म्हणून तिने तो काढला.

गालाच्या खालच्या भागावर, जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर लाल गाठी होत्या. शाळकरी मुलांना येतात तशा पुटकुळ्या नव्हेत. खोल, टणक, काही पिकलेल्या, आणि मधल्या जागेत जुने काळे डाग.

“ही गोळी याच्यासाठी आहे, काका,” ती म्हणाली. “मुरमांसाठी. माझं हृदय एकदम ठणठणीत आहे.”

एवढ्यात नयनाने खालून पाहिलं. कॅन, मी, आणि पायरीवर बसलेली ती. “दोघंही आत या,” ती म्हणाली. “स्वल्प लाज वाटू द्या. एक जण सत्याहत्तरचा, आणि पाण्याचे कॅन उचलतोय.” इथल्या कानडीतलं ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आमच्या घरातल्या मराठीत कधीच शिरलंय.

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात अश्लेषाने जे सांगितलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. पंधराव्या वर्षी तिला सगळ्यांसारखी मुरमं आली आणि गेली. अठ्ठावीस पूर्ण झाली तेव्हा ती परत आली, आणि या वेळी जायला तयार नव्हती. मलमं झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. कोर्स चालू असेपर्यंत कमी, थांबला की पुन्हा. तेलकट सोड, दूध सोड, पाणी पी, लग्न कर म्हणजे जातील, असं ज्याला जे सुचेल ते त्याने सांगितलं. मग डिसेंबरमध्ये श्रीविद्या नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तिला समजावलं. पुरुषांचं म्हणतात ते संप्रेरक थोडं सगळ्याच बायकांच्या अंगात असतं. हिचं रक्तातलं प्रमाण बरोबर आहे, पण हिच्या त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी त्याला जरा जास्तच दाद देतात. ही गोळी त्याची वाट अडवते. तीन महिने फरक दिसणार नाही, पुरता गुण यायला सहा लागतील, आणि गोळी चालू असेपर्यंत दिवस राहता कामा नयेत.

“इतकी वर्षं चेहरा झाकून फिरलीस, त्याच्यापेक्षा सहा महिने काय जास्त?” नयना म्हणाली.

“सहा नाहीत माझ्याकडे. मेअखेरपर्यंत सांगायचंय.”

ही खरी गोष्ट तिने शेवटी सांगितली. तिच्या शाळेत मुलांना बोलायला शिकवतात. मशीनमधून त्यांना थोडंफार ऐकू येतं, पण आवाज कसा तयार होतो हे कळावं म्हणून मूल आपला तळहात बाईंच्या गालावर, जबड्यावर ठेवतं. बाई ‘म’ म्हणतात, त्याचा कंप हाताला लागतो, मग मूल तोच हात स्वतःच्या गालावर ठेवून तसा कंप आणायला बघतं. अश्लेषाच्या वर्गात गौरी नावाची चार वर्षांची मुलगी होती, फार हुशार. एके दिवशी अश्लेषाच्या जबड्यावर मोठी गाठ आलेली होती, आणि गौरीने नेमका तिथे हात दाबला. अश्लेषा कळवळून मागे सरकली आणि तिने गौरीचा हात झटकला.

“मुद्दाम नाही केलं, काका. पण तिला ते कसं सांगणार? तिला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं.”

त्यानंतर गौरीने हात पुढे केला नाही. अश्लेषापुढे नाही, दुसऱ्या बाईंपुढेही नाही. हात मांडीखाली दाबून बसायची. महिन्याभराने अश्लेषाने स्वतःच मुख्याध्यापिकांना सांगून वर्ग सोडला आणि ऑफिसात मुलांचे कानाचे रिपोर्ट फाइलला लावायचं काम घेतलं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. तिच्या जागी तात्पुरत्या बाई होत्या. मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं, जूनपासून वर्ग घेणार असशील तर मेच्या शेवटापर्यंत सांग, नाहीतर आम्ही कायमची शिक्षिका नेमतो.

फेब्रुवारीत काही फरक पडला नाही. उलट कपाळावर दोन नवीन आल्या. उठताना तिला चक्कर यायची, तेव्हा मी तिला माझी रीत सांगितली, की पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसायचं, दहा मोजायचे आणि मग उभं राहायचं. मी तिला नारळपाणीही बंद करायला सांगितलं, कारण त्यातल्या पोटॅशियममुळे या गोळीबरोबर मला ते वर्ज्य आहे. तिने डॉक्टरांना विचारलं. तिचं रक्त तपासलेलं होतं, मूत्रपिंडं चांगली होती, तिला अधूनमधून चालणार होतं. त्यानंतर ती दर रविवारी गाडीवरून एक नारळ घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर बसून माझ्यासमोर प्यायची.

“वास घ्या, काका. वासाला डॉक्टर काही म्हणणार नाहीत.”

मार्चमध्ये पाडव्याला तिची आई आली. कस्तुरीबाई. रात्रभर बसने प्रवास करून सकाळी सातला उतरल्या, आणि आठ वाजता पाडव्याच्या कडुनिंबातला निम्मा पाला वाटून मुलीच्या तोंडाला लावला. तिसऱ्या दिवशी त्यांना गोळ्या सापडल्या. निपाणीच्या भाच्याने फोनवर नाव शोधून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पट्टी आपल्या पिशवीत घातली, पिशवीला कुलूप लावलं आणि चार दिवसांनी खाली नयनाकडे आल्या. मी पेपर घेऊन बसलो होतो.

“बघा की ओ, तरणीताठी पोरगी हृदयाची गोळी खातीया. वर म्हणं पुरुषाचं काहीतरी मारायची गोळी. उद्या पोरंबाळं झाली न्हाईत तर कुणाला सांगायचं? चार दिवस झालं, मी देतच न्हाई तिला.”

नयनाने माझ्याकडे बोट दाखवलं. “हे घेतात तीच. सहा वर्षं झाली.”

कस्तुरीबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “मग यांच्या तोंडावर काय फरक पडला?”

“काही नाही,” नयना म्हणाली. “होतं तसंच आहे.”

मी सहसा अशा बोलण्यात पडत नाही. पण ते कुलूप माझ्या डोक्यातून जाईना. चार दिवस गेलेच होते, आणि मे दूर नव्हता. मी पेपर खाली ठेवला. म्हणालो, “ताई, मीसुद्धा पट्टीवरचं नाव वाचलं आणि घाबरलो. आठ दिवस मनात नको ते धरून बसलो. तिला एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत संपलं असतं. तुम्ही इतक्या लांबून आला आहात, तर तुमचे प्रश्न भाच्याच्या फोनला कशाला? डॉक्टरांना विचारा.”

“त्या कानडी बोलणार, नाहीतर इंग्रजी.”

“निपाणीत राहून तुम्हाला कानडी येत नाही?”

“येतंय की,” त्या म्हणाल्या. “पर असलं विचारायला जीभ उचलाय नको?”

शनिवारी कस्तुरीबाई, अश्लेषा आणि मी रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. अश्लेषा मधे बसली. डॉक्टर श्रीविद्या वयाने लहानच होत्या, पण त्यांना घाई नव्हती. कस्तुरीबाईंनी आधी विचारलं, माझ्या मुलीच्या अंगात पुरुषाचं काही आहे का? डॉक्टर म्हणाल्या, “अम्मा, जेवढं माझ्या अंगात आणि तुमच्या अंगात आहे, तेवढंच.” मुलंबाळं होतील का, यावर त्यांनी सांगितलं, की गोळी चालू असताना दिवस राहणं बाळाला धोक्याचं, म्हणून तेवढी काळजी घ्यायची. मूल हवं असं ठरलं की आधी मला सांगायचं, गोळी बंद करायची आणि मधे काही काळ जाऊ द्यायचा. या गोळीने वांझपण येत नाही. काळजी कशी घ्यायची ते त्या बायका आपसात बोलल्या. मी भिंतीवरचं त्वचेचं चित्र पाहत बसलो.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?

कस्तुरीबाईंनी पदराने तोंडावरची पावडर पुसली आणि मान तिरकी केली. जबड्याच्या कडेने बारीक खड्डे होते, थेट कानापर्यंत.

“हिच्या पाठीवर धाकटा झाला, त्यानंतर,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं. सासूबाई म्हणायच्या, अंगातली उष्णता हाय. म्या आरशात बघायचंच सोडलं हुतं.”

अश्लेषा आईकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिला हे माहीत नव्हतं. आई रोज पावडर लावते हे तिने पाहिलं होतं, का लावते हे कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर कुलूप निघालं. कस्तुरीबाई निपाणीला परत गेल्या आणि तेव्हापासून रोज सकाळी आठला त्यांचा फोन येतो. वरून मलासुद्धा ऐकू येईल इतक्या मोठ्याने. “घेतलीस का?” आणि मग, “खालच्या काकांनी घेतली का?”

एप्रिलच्या मध्यावर अश्लेषा एकदा म्हणाली, की दोन आठवड्यांत मोठी गाठ आली नाही. मी विषय बदलला, उगाच दृष्ट लागायला नको. मेमध्ये जुन्या गाठी बसल्या. डाग राहिले, चेहरा काही जाहिरातीतल्यासारखा झाला नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांच्या आसपास एखादी बारीक पुळी अजून येते. पण एकोणतीस मेला ती मास्क न लावता स्कूटर काढून गेली, आणि संध्याकाळी आल्यावर ओट्यावर बसून म्हणाली, “सांगून आले. जूनपासून वर्ग माझा.”

ती काय बोलली ते मला पहिल्या फटक्यात कळलं. ओठ दिसत होते.

जूनमध्ये रोज संध्याकाळी मी गौरीची चौकशी करायचो. पहिल्या दिवशी तिने अश्लेषाला ओळखलं, पण हात मांडीखालीच. दुसऱ्या दिवशी तेच. अश्लेषाने जबरदस्ती केली नाही. ती स्वतःचा तळहात स्वतःच्या गालावर ठेवून ‘म’ म्हणायची, बाकीची मुलं येऊन हात लावून जायची, गौरी लांबून बघायची. असा आठवडा गेला. अश्लेषा मला म्हणाली, “माझ्या झटकण्याला एक सेकंद लागला होता, काका.”

नवव्या दिवशी ती फाटक उघडून आत आली तेव्हाच मला अंदाज आला. हेल्मेटसुद्धा न काढता ओट्यावर बसली. तिने सांगितलं, की डब्याच्या सुट्टीनंतर गौरी आपणहून जवळ आली. आधी डाग बघत राहिली. मग एका बोटाने हळूच एका डागाला हात लावला आणि तिच्या तुटक कन्नडमध्ये विचारलं, दुखतं का? अश्लेषाने मान हलवली, नाही. मग गौरीने पूर्ण तळहात टेकवला. अश्लेषाने ‘म’ म्हटलं. गौरीने दुसरा हात स्वतःच्या गालावर ठेवला आणि चार-पाचदा प्रयत्न केला, आणि मग तिचाही आवाज निघाला, लांबलचक, श्वास संपेपर्यंत.

हे सांगताना अश्लेषाने हेल्मेट काढलं. डाव्या जबड्याजवळ मला एक ताजी, लाल पुळी दिसली.

“हात कुठे ठेवला होता तिने?” मी विचारलं.

तिने त्या पुळीवरच बोट ठेवलं.

“दुखलं?”

“स्वल्प,” ती म्हणाली, आणि नयनाने आणलेला चहा घेतला.