दिनदर्शिकेमागचा कागद

आमच्या गच्चीवर शुक्रवारी दुपारी जेवताना एक किस्सा सांगितला जायचा. नवा कुणी आला की हमखास सांगितला जायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. तो किस्सा खोटा होता. हे मला आणि माझ्या बायकोला बरीच वर्षं माहीत होतं. मी त्यावर इतरांबरोबर हसतही होतो. आता शहात्तरी उलटली, म्हणून तो जसा घडला तसा लिहितो.

मी मूळचा लासूर स्टेशनचा. नोकरीसाठी या शहरात आलो तेव्हा त्याला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. सरकारी कचेरीत मी आवक-जावक सांभाळली. आलेला प्रत्येक कागद नोंदवहीत चढवायचा, नंबर टाकायचा, कुणाला दिला त्याची सही घ्यायची. एकतीस वर्षं हेच केलं. माझ्या टेबलावरून कागद गहाळ झाला असं कुणी कधी म्हणू शकलं नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. तो पुढं महागात पडला. मला नाही, दुसऱ्याला.

विद्यापीठाच्या बाजूला घर बांधलं. वरचा मजला मुलासाठी होता, पण तो पुण्याला स्थायिक झाला. मग वर भाडेकरू ठेवला. येमेनचा माणूस, पस्तिशीचा, विद्यापीठात पीएचडी करायला आलेला. बायको आधी कुरकुरली. "परदेशातला माणूस. काय खाईल, काय बोलंल, कुणाला ठावं?" चौथ्या दिवशी तो वाटी घेऊन खाली आला. वाटीत हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर वाटलेली, टोमॅटो घातलेला. त्यांच्याकडं त्याला सहावक म्हणतात. बायकोनं बोटावर घेऊन चाखलं.

"ह्यो तर ठेचाच की!"

तो म्हणाला, "नै चाची, ये येमेन का है."

"येमेनचा कशाचा? टमाटं घालून नास केलास निस्ता!"

तिनं त्याला आपला ठेचा दिला, भाकरीबरोबर. त्यानं खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तरी म्हणाला, "येमेन का ही है." त्या दिवसापासून त्यांचं भांडण सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायला लागलो. पदवी मिळायला अजून चार वर्षं होती.

त्याचे मित्र शुक्रवारच्या नमाजनंतर गच्चीवर जमायचे. येमेनचे पाचसहा, आणि एक उंचापुरा सुदानी, जो सगळ्यांचा पुढारी होता. मोठ्या परातीत भात आणि कोंबडी, भोवती सगळे मांडी घालून. नव्या माणसासाठी त्यांचा एक नियम होता. त्यानं एकट्यानं शहागंजच्या भाजीबाजारात जायचं, कोथिंबिरीची जुडी घ्यायची आणि वर मूठभर मिरच्या फुकट मागून आणायच्या. मिरच्या मिळाल्या नाहीत तर त्या दिवशी भांडी त्यानं घासायची. एकजण बिचारा तीनदा गेला आणि तीनदा जुड्याच घेऊन आला. आमच्या घरी आठवडाभर कोथिंबिरीच्या वड्या झाल्या.

एका शुक्रवारी सुदान्यानं आम्हा दोघांना वर बोलावलं. मी परातीपासून जरा लांब खुर्चीवर बसलो, तर म्हणाला, "चाचा, नये आदमी आप हो. नीचे बैठो." खरंच होतं ते. घर माझं, गच्ची माझी, पण त्या माणसांत नवे आम्हीच होतो. गुडघे कुरकुरले, तरी खाली बसलो. पुढच्या शुक्रवारी मला शहागंजात पाठवलं. भाजीवाली ओळखीची निघाली, तिनं पिशवीभर मिरच्या दिल्या. "ये चीटिंग है," असा ठराव झाला आणि भांडी मीच घासली. निवृत्तीनंतर इतका हसलो नव्हतो.

आता कागदाचं.

परदेशी माणूस घरात ठेवला तर घरमालकानं त्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर लगेच सरकारला कळवायची असते. डॉक्टर राहायला आला त्याच दिवशी त्यानं पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. मी चहा पीत होतो, मुलाचा फोन चालू होता. "उद्या भरतो," म्हणालो आणि कागद भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागं खोचला. आमच्या घरात तसंच होतं. गॅसची पावती, दवाखान्याची चिठ्ठी, लग्नपत्रिका, सगळं तिथंच. कचेरीत एकेक चिठोरं नोंदवणारा मी, घरात माझी आवक-जावक म्हणजे एक खिळा.

उद्या फॉर्म भरला नाही. परवा विसरलो. मग विसरलो हेही विसरलो.

सातआठ महिन्यांनी डॉक्टरची आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कैरोला येणार असं ठरलं. येमेनमध्ये लढाई चालू, तिथं याला जाता येत नव्हतं. कैरोला मात्र जाता येणार होतं. पंधरा दिवस आई तिथं असणार होती. त्यानं तिच्यासाठी इथून हिमरू शाल घेतली. बायकोनं ठेच्याची बरणी भरली आणि वर सांगितलं, "आईला सांग, खरा ह्यो."

जायच्या आधी व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयात करावा लागतो. तिथं निघालं की त्याच्या राहण्याच्या जागेची नोंदच नाही. अर्ज थांबला. तो निकाली निघेपर्यंत देश सोडला तर परत येता येणार नव्हतं, म्हणजे पीएचडी गेली. मला बोलावलं गेलं. टेबलापलीकडच्या माणसानं सरळ विचारलं, "घरमालक तुम्ही ना? फॉर्म का भरला नाही?"

मला त्या क्षणी खरंच नीट आठवत नव्हतं. पण एवढं आठवत होतं की काहीतरी हातात आलं होतं. मी म्हणालो, "यांनी कागदच दिले नाहीत."

डॉक्टर शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "चाचा, मैं दिया था ना?"

"कवा दिला रं?" मी म्हणालो. "माझ्याकडं आला असता तर भरला नसता का मी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला मी कचेरीतल्या नोंदवहीच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या होत्या की त्याचा माझ्यावर विश्वास बसला. स्वतःवरचा उडाला.

कागदपत्रं पुन्हा देऊन सगळं मार्गी लागायला महिना गेला. तोवर आई ऑपरेशन करून परत गेली होती. ती परत जायच्या आधी तिचा कैरोहून फोन आला तेव्हा मी गच्चीवरच होतो. पडद्यावर काळा चष्मा लावलेली म्हातारी. ती चष्मा वर करून त्याला बघत होती आणि तो हसून काहीतरी सांगत होता. फोन ठेवल्यावर तो पाण्याच्या टाकीमागं गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.

त्याला हसवायला म्हणून सुदान्यानं तो किस्सा रचला. मन वाईट नव्हतं त्याचं. "हमारा डॉक्टर बोलता, कागज चाचा को दिया. चाचा बोलते, नै दिया. फिर किस को दिया? गली की बकरी को! बकरी का नाम चाचा था!" सगळे हसले, डॉक्टरही हसला. मीही हसलो. पुढं नवा कुणी आला की त्याला हा किस्सा ऐकवायचा: कागद सांभाळ, नाहीतर डॉक्टरसारखं होईल. बकरीचा आवाज सुदानी फार छान काढायचा.

जानेवारीत बायकोनं जुनी दिनदर्शिका खिळ्यावरून काढली. मागचे कागद जमिनीवर पडले. तिनं एक उचलला.

"हे बघा. तुमच्या डॉक्टरचा फोटो."

मी कागद घेतला.

"सांगून टाका त्याला," ती म्हणाली.

"आता काय उपेग? आई तर गेली परत."

"उपेगाचं नाय बोलत मी."

मी तो कागद ट्रंकेत ठेवला. तिनं दोनतीनदा विषय काढला, मग सोडला. टेबलासमोर जे बोललो ती भीती होती. ट्रंकेचं झाकण लावलं ते खोटं होतं. या दोन्हींतला फरक मला तेव्हाही कळत होता.

त्यानंतर डॉक्टर खिशात एक छोटी वही ठेवायला लागला. त्याला वाटलं, आपल्याला विसरायचा आजार आहे. गॅस बंद केला, वेळ. कुलूप लावलं, वेळ. एकदा गावाला जाताना मला किल्ली दिली आणि वही पुढं केली. "चाचा, सही. आप के ऑफिस जैसा." तो हसत होता. मी सही केली. जिना उतरताना तो अर्ध्यातून दोनदा वर गेला, कुलूप ओढून बघायला.

पदवी मिळाली. त्याआधी, त्या चुकलेल्या भेटीनंतर तीन वर्षांनी, तो आईला भेटून आला. मग मलेशियात नोकरी लागली, येमेनहून बायकोमुलींना तिथं नेलं. किस्सा मात्र इथंच राहिला, आणि सुदानीही.

या वर्षी वरच्या मजल्यावर एक नवा मुलगा राहायला आला, तोही येमेनचा, फार कमी बोलणारा. शहागंजातून मिरच्या आणल्या, परातीपाशी बसला, किस्सा ऐकला. बकरीचा आवाज झाला, सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "फिर उस की माँ का क्या हुआ?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो, खाली गेलो, ट्रंक उघडली आणि कागद घेऊन वर आलो. परातीच्या कडेला ठेवला आणि दिनदर्शिकेपासून ट्रंकेपर्यंत सगळं सांगितलं.

सुदान्याच्या हातातला घास तसाच राहिला. तो म्हणाला, "चाचा, आप हँसते थे."



त्यानंच फोन लावला. डॉक्टर पडद्यावर आला, दाढी आता पांढरी. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि पुन्हा सांगितलं. त्यानं पडद्याजवळ येऊन कागद वाचला. मग म्हणाला, "मतलब, मैं दिया था." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "मैं दिया था."

मग विचारलं, "चाची, आप को मालूम था?"

"व्हय बाबा," ती म्हणाली. "मी पण नाय सांगितलं."

त्यानं खिशातून वही काढून दाखवली. तशीच छोटी, नवी. "अभी भी लिखता हूँ," म्हणाला आणि फोन बंद केला.

तीन आठवडे काही आलं नाही. मग संदेश आला: कागदाचा फोटो पाठवा. पाठवला. त्यावर एक ओळ: ज्यांना ज्यांना तो किस्सा सांगितला, त्या सगळ्यांना खरा सांगा. त्यातले कितीतरी आता सुदानात, ओमानात, कुठं कुठं आहेत. सुदान्यानं जमेल तितक्यांना फोन केले. इथल्या लोकांसाठी मी हे लिहिलं.

गच्चीवर आता किस्सा बदलला आहे. बकरी गेली, खिळा आला. हशा तेवढाच होतो, आणि तो माझ्यावर होतो. नवा मुलगा कागद देतो तेव्हा दुसऱ्या प्रतीवर माझी सही घेतो. मिळाला, तारीख, वेळ. फॉर्म मी त्याच दुपारी भरतो.

डॉक्टरनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. मागच्या शुक्रवारी त्याचा आणखी एक संदेश आला. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं. चाचीला विचारा, ठेच्यात लसूण भाजून घालते की कच्चा.

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ती म्हणाली, "भाजून. आन् त्याला म्हणावं, टमाटं नको."

मी तसंच लिहून पाठवलं. त्यानं वाचल्याची खूण आली. त्यापुढं अजून काही आलेलं नाही.