पैलवानांचं रक्त

गेल्या वर्षी वारलेले आमचे इंगवले डॉक्टर कुणालाच नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात धरून कोपरापाशी चाचपत आणि खूश होऊन म्हणत, "पावणं, शीर झकास हाय की!" त्यांच्या लॅबमध्ये नोकरीसाठी माझी मुलाखत झाली ती एवढीच. बोलावं लागलं नाही, याचंच मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं, की बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं तरी दुखावलेल्या मेंदूतून एक एन्झाइम रक्तात उतरतं. ते जितकं जास्त, तितकी माणूस शुद्धीवर येण्याची आशा कमी. "माणूस थापा मारंल, रक्त न्हाय मारत," ते म्हणत. पण जास्त म्हणजे कुणापेक्षा? तुलनेला निरोगी रक्त हवं, आणि डॉक्टरांच्या लेखी निरोगी माणूस म्हणजे पैलवान. रोज सकाळी तालमीतून घामाघूम गडी यायचे आणि सुई दिसली की एकमेकांच्या मागे लपायचे.

एकदा कागलच्या एका मास्तरांचं हृदय बंद पडलं. आमच्या लॅबशेजारच्या दवाखान्यात ते चालू झालं, पण मास्तर शुद्धीवर येईनात. नातेवाईक म्हणाले, घरी नेऊ, काय व्हायचं ते तिथं होऊ दे. मास्तरांच्या पत्नीनं इंगवले डॉक्टरांना गाठलं. त्यांनी रक्त तपासलं आणि ते ओरडले, "पैलवानापेक्षा कमी हाय! वहिनी, मास्तर उठणार. हलवू नका."

मासिकाचा उरलेला भाग मी वाचला. इंग्रजी शाळेचा तेवढाच उपयोग. व्यायामानंतर तेच एन्झाइम स्नायूंतूनही उतरतं, असं तिथे लिहिलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी मासिक डॉक्टरांपुढे सरकवलं.

"आयला!" म्हणत ते उठले. दिवसभर बसून असणारा समोरचा शिंपी आणि वाणी यांना धरून आणलं, स्वतःचंही रक्त काढलं. या तिघांपुढे मास्तरांचं एन्झाइम भलतंच जास्त निघालं.

डॉक्टर तडक दवाखान्यात गेले. मी मागोमाग.

"वहिनी, माझं चुकलं. आशा कमी हाय."

"आता परत घ्यायचं न्हाय. उठणार म्हणालाय तुम्ही."

"अवो, ते पैलवानांमुळं..."

"कुणामुळं का असंना. म्हणालाय न्हवं?"

मास्तरांना बाईंनी हलवू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

बाई पेढे घेऊन लॅबमध्ये आल्या. डॉक्टरांनी हात पाठीमागे बांधले. "चुकून बरोबर आलेलं उत्तर मी धरत न्हाय, वहिनी. पेढा ह्या पोरीला द्या. माझी चूक हिनं पकडली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मान खाली घालून मी हात पुढे केला.

"म्हंजी आमचं मास्तर उठणार न्हाईत म्हणणारी तू व्हय?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुडा परत बांधला.