दफनभूमीतला कोपरा

त्या लहानशा शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली होती. मूळ देशात ते शाळेत भूगोल शिकवायचे, हे कुणाच्या तरी कानावर गेलं आणि तेव्हापासून सगळे त्यांना मास्तरच म्हणू लागले. त्यांच्या छोट्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण तो ते सहसा दाबत नसत. चढावर गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, शिकणाऱ्याच्या हाताला घाम फुटायचा. मास्तर शांतपणे म्हणायचे, "वाजवू द्या. तेही इथेच बंद पडले होते." आणि ते खरं असायचं, कारण त्यांनाही मास्तरांनीच शिकवलेलं असायचं.

मूळ देश त्यांना सोडावा लागला तो एका सहीपायी. निवडणुकीच्या कामाला शाळेतले शिक्षक लावत, तसं मास्तरांनाही लावलं होतं. सकाळी मतपेट्या आल्या त्या उचलतानाच जड लागल्या. मतदान सुरू व्हायचं होतं आणि पेट्या भरलेल्या. पेट्या रिकाम्या मिळाल्या, अशी सही मास्तरांनी करायची होती. ती त्यांनी केली नाही. आधी नोकरी गेली, मग घरी अनोळखी माणसं चौकशीला यायला लागली. बायको आणि तान्ही लेक यांना घेऊन ते निघाले आणि फिरत फिरत या शहरात येऊन टेकले. परत जायची सोय उरली नव्हती.

इथलं नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला निघाले, तेव्हा त्यांनी कोट इस्त्री केला. बायको दारातून म्हणाली, "स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढे नटला नव्हतात." ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची आणि मास्तरांच्या प्रत्येक मोठ्या गोष्टीला अशी टाचणी लावायची.

शहरातल्या मुसलमानांची नमाजाची जागा म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. शुक्रवारी नमाज आटोपली की मास्तर जिन्यात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, मतदार यादीत नाव घातलं का. कुणी म्हणायचं, आपल्या मूठभर मतांनी काय होणार. कुणाला वाटायचं, हे इथल्यांचं काम, आपण यात पडू नये. इमामसाहेबांनाही लोकांनी विचारलं. ते भिडस्त गृहस्थ. म्हणाले, "मत म्हणजे साक्ष. साक्ष लपवू नये, एवढं मला कळतं." मास्तरांना तेवढं पुरलं. वर्षा-दोन वर्षांत खोलीतले बहुतेक लोक मत द्यायला जाऊ लागले.

मग बायकोला कॅन्सर निघाला. हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं नीट सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मास्तरांकडे एकच गोष्ट मागितली. तिला इथेच पुरायचं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. शहराच्या दफनभूमीत कबरी आतल्या वाटांच्या कडेने, वाट जाईल त्या दिशेला ओळीत असत आणि काही वर्षांनी जुन्या उकरून तिथे नव्या केल्या जात. मुसलमानाला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून ठेवतात आणि कबर पुन्हा उकरत नाहीत. म्हणून इथलं कुणी गेलं की विमानाने मूळ देशात न्यायचे, नाहीतर लांबच्या मोठ्या शहरात. "आपल्या देशात पाठवलंत तर तुम्हाला यायला मिळायचं नाही," बायको म्हणाली. "तुमच्याशी भांडल्याशिवाय मी तिथे करू काय?"

मास्तरांनी रीतसर अर्ज केला. नगरपालिकेने भिंतीलगतचा एक रिकामा कोपरा द्यायचं ठरवलंही. पण काही लोकांनी हरकत घेतली, सह्या गोळा केल्या, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे प्रश्न सगळ्या शहराच्या मतदानाला गेला.

हरकत घेणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. आज कोपरा मागतात, उद्या आणखी काही मागतील, असं म्हणणारे होते तसे दुसरेही होते. त्यांचं म्हणणं, मेल्यावर तरी सगळे सारखे असावेत, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असं नको. हे ऐकलं की मास्तर मान डोलवायचे. त्यांना त्यातलं निम्मं पटायचं.

जाहीर सभेत त्यांना बोलायला बोलावलं. ते म्हणाले, "माझ्या बायकोला उजव्या कुशीवर, एका दिशेला तोंड करून झोपवायचंय. नंतर तिला कुणी उठवू नये. एवढंच." मागच्या रांगेतून एकाने विचारलं, तुमच्या देशात असं लोकांना विचारून ठरवतात का? "नाही ठरवत," मास्तर म्हणाले, "म्हणून तर इथे आलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "टाळी ऐकू येते हो. मत ऐकू येत नाही."

मतमोजणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. मास्तर दोरीच्या अलीकडे उभे राहिले. मोजणारे प्रत्येक मतपत्रिका उघडून, वर धरून दाखवत होते. शंका आली की दोन्ही बाजूंची माणसं पुढे होऊन बघत. कुठे लपवाछपवी नव्हती. कोपरा द्यायचा नाही, असा निकाल लागला, आणि तोही काठावरचा नव्हता.

घरी लेकीने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून काही विचारलं नाही. बायकोने मात्र विचारलं, "काही घोळ झाला का?"

"नाही. सगळं अगदी नीट झालं."

"मग?"

"मग काही नाही."

ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. मूळ देशात निदान म्हणता यायचं की मतं चोरली. रागवायला कुणीतरी असायचं. इथे कुणी काही चोरलं नव्हतं. ज्यांना मास्तरांनी चढावर गाडी थांबवायला शिकवलं होतं, त्यांनीच शांतपणे रांगेत उभं राहून नाही म्हटलं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. मत हा प्रत्येकाचा हक्क आहे, हे मास्तरांनीच नमाजाच्या खोलीच्या जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या ताईंची शिकवणी होती. नवरा गेल्यापासून पाव पोचवायची गाडी पडून होती, म्हणून त्या या वयात शिकत होत्या. सिग्नलला थांबल्यावर त्या समोर बघतच म्हणाल्या, "मास्तर, मी नाहीवर खूण केली."

मास्तर लाल दिव्याकडे बघत राहिले.

"तुमच्या मिसेसवर माझा राग नाही. पण आमचे हे तिथे आहेत ना. दर आठवड्याला जाते मी. तिथलं काही बदलू नये, एवढंच वाटलं." त्या गिअरच्या दांड्याशी चाळा करत होत्या. "तुम्हाला न सांगता शेजारी बसवेना."

मास्तरांना त्यांचं म्हणणं कळलं. "ताई, हिरवा झालाय," ते म्हणाले. "क्लच हळू सोडा."

नगराध्यक्ष स्वतः घरी येऊन गेले. ते गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झालेले मास्तरांचे जुने विद्यार्थी. आपण बाजूने मत दिलं होतं, पण आता आपले हात बांधलेले आहेत, पाच वर्षांनी प्रश्न पुन्हा मांडता येईल, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांनी त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत सोडलं.

थंडी सरता सरता बायको गेली. लांबच्या मोठ्या शहरात, महामार्गाच्या कुंपणाशेजारी तिला जागा मिळाली. इथल्या घरी भेटायला सगळी गल्ली लोटली. बेकरीवाल्या ताई येऊन स्वयंपाकघरातली भांडी घासून गेल्या. लोक मनापासून रडत होते, ते मास्तरांना दिसत होतं. पण हात हातात घेणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघताना त्यांच्या मनात एकच येत होतं, यांनी कुठे खूण केली असेल. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण ते थांबवता आलं नाही.

शुक्रवारी नमाजाच्या खोलीत 'आम्ही म्हणत होतो ना' असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी वाद तरी घातला असता. इमामसाहेबांनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

पुढच्या वर्षी देशाची निवडणूक आली. लेकीचं हे पहिलंच मतदान. मास्तरांनी सकाळी तिला हाक मारली. ती गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती.

"तुम्ही जा, बाबा. मी आईकडे जाऊन येते."

"दुपारी जाता येईल. दोघं मिळून जाऊ."

"मला मत द्यायचं नाहीये."

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. जड पेट्यांचं, न केलेल्या सहीचं, गेलेल्या नोकरीचं. पण ते सगळं ऐकतच ती मोठी झाली होती, आणि तिने नाही म्हटलं होतं ते हे सगळं माहीत असूनच. ती जिना उतरून गेली.

मास्तर एकटेच गेले, रांगेत उभे राहिले, मत दिलं. बाहेर आल्यावर कुणीतरी ओळखीचं भेटलं, हवापाण्याचं बोलणं झालं. घरी येऊन ते स्वयंपाकघरात बसून राहिले. संध्याकाळी दाराचा आवाज झाला.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारलं.

"मोकळा होता," लेक म्हणाली, आणि हात धुवायला गेली.