खार आणि लग्नाचा कोट

ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला की मला माझ्या लग्नाचा कोट आठवतो. तो उदगीरच्या एका म्हाताऱ्या दर्जीचाचांकडे शिवायला टाकला होता. आदल्या वर्षी मी त्यांना सोडून लातूरहून सफारी शिवून आणलेली, त्यामुळे ते आता डाव साधणार याची मला दीड हजार टक्के खात्री होती. कोट घ्यायला गेलो तेव्हा तोंडावरच विचारलं, "चाचा, खार तर खाऊन न्हाई ना माझ्यावर?" चाचा हसले. "नवरदेव, खार म्हंजे फारशीत काटा. खाल्ला तर माझ्याच घशात रुतंल की!" तरी मांडवात बगलेखाली काहीतरी जाड लागलं आणि मी किंचाळलो, "म्हाताऱ्यानं सुई ठेवली!" अख्ख्या तालुक्यादेखत मी अस्तर टराटरा फाडलं. आत दोन बोटं जादा कापड दुमडलेलं निघालं, पुढं पोट सुटलं तर कोट सैल करता यावा म्हणून ठेवलेलं. सासरे धावत आले, "काय झालं?" पाहुण्यांत बसलेले चाचा सुईदोरा घेऊन उठले, माझ्या अंगावरच अस्तर शिवू लागले आणि सासऱ्यांना म्हणाले, "माझाच टाका कच्चा होता, साब." आज पोट चांगलं हंड्याएवढं झालंय, पण कोट सैल करायला त्यांच्या दुकानाची पायरी चढायची माझी अजून हिंमत होत नाही.